खोटं बोलता न येणारी हेर

आमच्या घरात थ्रिलर वाचायची खोड तीन पिढ्यांची. आजोबांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची चळत होती, बाबा रेल्वे स्टेशनवरून इंग्रजी पेपरबॅक आणायचे, आणि आता माझी भाची रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर हेरांच्या मालिका बघत असते. साधनं बदलली, पण गोष्टीचा गाभा तोच राहिला. समोर दिसतो तो माणूस खरा नसतो, त्याचं एक दुसरंच नाव असतं, आणि शेवटच्या वीस पानांत ते उघडं पडतं. गंमत म्हणजे ‘अर्नाळकर’ हेही खरं नाव नव्हे. त्यांचं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार आणि काळा पहाड यांना जन्म देणारा माणूस स्वतःही पडद्यामागेच होता म्हणायचा!

लेखकांच्या चरित्रांत हे पुष्कळदा सापडतं. पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ ही कादंबरी १९५५ची. त्यातला टॉम रिप्ली आपल्या श्रीमंत मित्राला मारतो, त्याचे कपडे घालतो, त्याच्या सह्या करतो आणि बेलाशक त्याचं आयुष्य जगू लागतो. वाचताना आपण चक्क त्या खुन्याची काळजी करतो, की आता हा पकडला जाणार तर नाही ना? पण त्याआधी तीन वर्षं, १९५२ साली, याच हायस्मिथबाईंनी दोन स्त्रियांच्या प्रेमाची एक कादंबरी ‘क्लेअर मॉर्गन’ या टोपणनावानं छापली होती. ती आपली आहे हे पुस्तकावर स्वतःचं नाव घालून कबूल करायला त्यांना १९९० साल उजाडलं. म्हणजे अडतीस वर्षं. रिप्लीचे मुखवटे इतके हुबेहूब का उतरले, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

थ्रिलरमधल्या हेराचं एक ठरलेलं रूप आपल्या डोक्यात बसलंय. तो थंड डोक्याचा, हजरजबाबी, बिनदिक्कत खोटं बोलणारा आणि एकटा. त्याला कुणाची गरज नसते. माझंही बरीच वर्षं तसंच मत होतं. ते ज्या बाईमुळे बदललं, तिच्या घराण्याचा एक धागा थेट आपल्या बडोद्याला येऊन पोचतो. म्हणून तिच्याविषयी आपल्या मंडळाच्या अंकात लिहावंसं वाटलं.

सूरसागरजवळचं म्युझिक कॉलेज तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणी तिथे तबला शिकलं असेल, कुणी कथ्थक. निदान तिथून येता-जाता तानपुरे जुळवल्याचा आवाज तरी ऐकला असेलच. ही संस्था १८८६ सालची. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं ती उस्ताद मौलाबक्ष यांनी उभी केली. मौलाबक्ष हेसुद्धा जन्माचं नाव नव्हे. मूळचे ते चोलेखान, एका फकिरानं हे नवं नाव दिलं असं घराण्यात सांगतात. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत खान. जन्म बडोद्याचा, १८८२चा. आजोबांच्या हाताखाली गाणं आणि वीणा शिकून हा तरुण १९१० साली भाऊबंदांसह परदेशी गेला, तिकडे सूफी विचारांचा गुरू झाला आणि ओरा रे बेकर या अमेरिकन मुलीशी त्यानं लग्न केलं. लग्नानंतर ती अमीना बेगम झाली. त्यांचं थोरलं अपत्य म्हणजे नूर. जन्म १ जानेवारी १९१४, गाव मॉस्को.

आणखी एक गोष्ट त्या घरात हळू आवाजात सांगितली जाई. मौलाबक्षांची एक पत्नी टिपू सुलतानच्या वंशातली होती, आणि इंग्रजांच्या राज्यात ते नाव उघड करणं धोक्याचं म्हणून झाकून ठेवलं होतं, अशी ती कौटुंबिक समजूत. त्यावरूनच आज नूरला ‘राजकन्या’ म्हणतात. श्राबणी बसू यांच्या २००६ सालच्या उत्तम चरित्राचं नावसुद्धा ‘स्पाय प्रिन्सेस’ आहे. पुस्तक मला फार आवडलं, नाव मात्र खटकलं. ती वाढली पॅरिसजवळच्या सुरेन या उपनगरात, ‘फजल मंझिल’ नावाच्या घरात, आणि तेरा वर्षांची असताना वडील दिल्लीत वारल्यावर खचलेल्या आईला आणि तीन धाकट्या भावंडांना तिनंच सांभाळलं. यात राजकन्येसारखं काय आहे? आपल्याकडच्या कितीतरी थोरल्या मुली अशाच वाढल्या.

नूर कलावंत होती. वीणावादकाच्या या मुलीनं हार्प हे तंतुवाद्य आणि पियानो शिकले, सोरबोनमध्ये बालमानसशास्त्राचा अभ्यास केला आणि मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. त्या वर्तमानपत्रात छापून येत, रेडिओवर वाचल्या जात. १९३९ साली लंडनमध्ये तिचं ‘ट्वेंटी जातक टेल्स’ हे पुस्तक निघालं. जातकातल्या वीस कथा तिनं मुलांसाठी पुन्हा सांगितल्या होत्या. आपल्या कळपाला पलीकडे जाता यावं म्हणून स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची गोष्ट त्यात आहे, आणि तोंड बंद ठेवता न आल्यामुळे आकाशातून पडलेल्या कासवाचीही. ही दुसरी आपल्याला पंचतंत्रामुळे पाठच असते.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर आल्या तसं हे कुटुंब निसटून इंग्लंडला गेलं. नूर तिथल्या हवाई दलाच्या महिला शाखेत वायरलेसचं काम शिकली. नाव नोंदवताना ती ‘नोरा’ झाली. अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं की युद्ध संपल्यावर आपण स्वातंत्र्याच्या बाजूनं उभ्या राहू. समोर इंग्रज अधिकारी बसलेत, नोकरी त्यांच्या हातात आहे, तर थोडं गोलमोल बोलावं, हे तिला सुचलंच नाही.

अशा मुलीला हेर म्हणून निवडलं कुणी? तर एका थ्रिलर लेखकानं! शत्रूच्या मुलखात घातपात आणि हेरगिरी करण्यासाठी ब्रिटननं ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ नावाची गुप्त संघटना काढली होती. तिच्या फ्रान्स विभागासाठी माणसं पारखण्याचं काम सेल्विन जेप्सन यांच्याकडे होतं. हे गृहस्थ एरवी रहस्यकथा लिहीत. त्यांच्या एका कादंबरीवर पुढे हिचकॉकनं ‘स्टेज फ्राइट’ हा चित्रपट काढला. १९४२च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या एका हॉटेलच्या जवळजवळ रिकाम्या खोलीत त्यांनी नूरची मुलाखत घेतली. इतरांना ते दोन-तीनदा बोलावत. हिला पहिल्याच भेटीत सगळा धोका समजावून सांगितला, आणि ती लगेच हो म्हणाली. तिला सांकेतिक लिपी शिकवणारे लिओ मार्क्स यांनीही नंतर ‘पीपिंग टॉम’ या गाजलेल्या थरारपटाची पटकथा लिहिली. म्हणजे रहस्य रचणारी माणसं तिच्या अवतीभवती होती, आणि ती स्वतः मात्र काही लपवू न शकणारी.

प्रशिक्षणातले किस्से वाचून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. मार्क्स यांनी लिहिलंय की सरावाच्या वेळी सायकलवरून जाताना एका पोलिसानं तिला हटकलं, तर तिनं त्याला सांगून टाकलं की मी हेर व्हायचं शिकतेय आणि हा माझा वायरलेस! खोट्या गेस्टापो चौकशीचा सराव झाला तेव्हा भीतीनं तिचा आवाजच बंद झाला. काही शिक्षकांनी तर शेरा मारला की हिला पाठवू नये. पण वायरलेस चालवणारी माणसं कमी होती, हिचा हात जलद होता आणि फ्रेंच आईच्या भाषेसारखी येत होती. आईला तिनं आफ्रिकेत जाते म्हणून सांगितलं. बिचारीनं एकदाचं खोटं बोलायला घेतलं ते आईशीच.

१६ जून १९४३च्या रात्री एका लहानशा विमानानं तिला फ्रान्समध्ये उतरवलं. व्यापलेल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव ‘मादलेन’. कागदपत्रांवर झान-मारी रेनिए, व्यवसाय मुलांची देखभाल करणारी दाई. हे नाव निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी. मुलांचं मानसशास्त्र शिकलेल्या, मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईला दाई होण्यासाठी फार सोंग करावं लागणार नव्हतं.

ती पोचल्यावर दहा दिवसांच्या आतच पॅरिसचं गुप्त जाळं कोसळलं, एकामागून एक माणसं पकडली गेली. लंडननं परत बोलावलं, तर तिनं नकार दिला. आपण गेलो तर इथून बोलणारं कुणी उरत नाही, हे तिचं म्हणणं. वायरलेसचा संच पंधरा किलोच्या आसपास, सूटकेसमध्ये बसणारा. लांबलचक तार कुठेतरी टांगायची, संदेश पाठवायचा आणि जर्मनांच्या गाड्या आवाजाचा माग काढत येण्याआधी तिथून निघायचं. अशा ऑपरेटरचा निभाव सहा आठवडे लागला तरी पुष्कळ, असा तेव्हाचा हिशेब होता. नूर जवळजवळ चार महिने टिकली. कशी टिकली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तिनं केस रंगवले, घरं बदलली, हे तर आहेच. पण थ्रिलरमधला कुठलाही हेर करणार नाही अशी एक गोष्ट तिनं केली. ती सुरेनला, आपल्या जुन्या मोहल्ल्यात गेली. जिथे तिला लहानपणापासून ‘नूर’ म्हणून ओळखत होते, तिथेच. ओळखीच्या घरांची दारं तिनं वाजवली, त्यांनी तिला आत घेतलं, जेवू घातलं, तिथूनच तिनं संदेश पाठवले. हेरगिरीच्या नियमाप्रमाणे हा शुद्ध वेडेपणा. खोटं नाव घेऊन फिरणाऱ्यानं खऱ्या नावाच्या गल्लीत पाऊल टाकायचं नसतं. पण त्या गल्लीतली माणसं गप्प राहिली. नवं नाव तिनं घेतलं खरं, ते सांभाळलं जुन्या शेजाऱ्यांनी. पकडलं जाण्याची शिक्षा काय, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आत्याआजी आठवल्या. माझ्या आजोबांची ही धाकटी बहीण लग्नाआधी गाणं शिकलेली, गळा गोड. सासर दांडिया बाजारातल्या एका वाड्यात. सासऱ्यांना बायकांनी रेडिओवर गाणं मंजूर नव्हतं. तरी दोनेक वर्षं त्या बडोद्याच्या रेडिओवर गायल्या, वेगळ्याच नावानं. हळदीकुंकवाला जाते म्हणून निघायचं, सोबतीला शेजारच्या काकू. कार्यक्रमाच्या वेळी सासूबाई सासऱ्यांना काहीतरी आणायला खंडेराव मार्केटात पिटाळायच्या. खालच्या बिऱ्हाडात रेडिओ लागायचा आणि अख्खा वाडा खिडक्यांशी बसून ऐकायचा. कुणी एक अक्षर बोललं नाही. त्या गेल्यावर ट्रंकेत त्या परक्या नावाचे दोन करारपत्राचे कागद मिळाले, तेव्हा आमच्या पिढीला हे कळलं. मी माझ्यापरीनं खूप शोध घेतला, पण त्या नावाचं एकही ध्वनिमुद्रण हाती लागलं नाही. नाव इतकं नीट लपवलं गेलं की गाणंही त्याच्याबरोबर गेलं.

नूरच्या जिवाचा प्रश्न होता, आत्याआजींच्या फक्त सासरच्या शांततेचा. दोन्हींची तुलना करायला मी काही बसलेली नाही. पण दुहेरी आयुष्य एकट्याच्या हुशारीवर चालत नाही, हे मला दोन्हीकडे दिसलं. त्याला एक सासू लागते, एक काकू लागते. ‘राझी’ चित्रपट पाहताना माझी भाची म्हणाली, ‘मावशी, ही एकटी हे सगळं कसं करते?’ खरंच, सिनेमातल्या हेराला शेजारी का नसतात?

असं आयुष्य मोडायला मात्र एकच माणूस पुरतो. १९४३च्या ऑक्टोबरच्या मध्याला नूर पकडली गेली. तिच्या ओळखीतल्याच कुणी पैसे घेऊन पत्ता दिला, असं बहुतेक चरित्रकार मानतात. आव्हन्यू फॉशवरच्या जर्मन गुप्त पोलिसांच्या कचेरीत नेल्या-नेल्या तिनं न्हाणीघराच्या खिडकीतून पळायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा, दोन कैद्यांबरोबर, छतावरून. दोन्ही फसले. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला तिनं नकार दिला, म्हणून तिला जर्मनीतल्या फॉर्झहाइमच्या तुरुंगात धाडलं.

आता एक अवघड गोष्ट. तिच्या खोलीत वह्या सापडल्या. पाठवलेले संदेश तिनं लिहून जपून ठेवले होते. वायरलेसच्या बोलीत ‘फायलिंग’ म्हणजे संदेश पाठवणं, पण तिनं सूचनेतला तो शब्द संग्रह करणं अशा अर्थानं घेतला असावा, असं स्पष्टीकरण दिलं जातं. त्या वह्यांच्या आधारे जर्मनांनी तिच्याच नावानं लंडनशी बोलणं चालू ठेवलं. मादलेन तुरुंगात होती आणि मादलेनचे संदेश लंडनला येत होते. पकडली गेलीस तर अमुक लांबीची किल्ली वापर, अशी एक खूण मार्क्स यांनी तिला शिकवली होती. ती खूण आली, त्यांनी ती ओळखली, पण वरच्यांनी मनावर घेतली नाही असं त्यांनी लिहिलंय. १९४४च्या फेब्रुवारीअखेर काही नवे हेर विमानातून उतरले ते थेट शत्रूच्या हातात. त्यांत मादलेन दामेरमाँ नावाची तरुणी होती. हिचं मादलेन हे खरं नाव.

चरित्र लिहिताना हा भाग गाळावा किंवा घाईनं उरकावा असा मोह होतो, कारण पुतळ्याला तडा गेलेला कुणाला आवडत नाही. मला वाटतं तो सावकाश वाचायला हवा. लपवणं हा तिचा स्वभाव नव्हता. ज्या सरळपणामुळे सुरेनचे शेजारी तिच्यासाठी जीव धोक्यात घालायला तयार झाले, त्याच सरळपणानं ती दिलेल्या सूचनेप्रमाणे वह्या नीट लावून ठेवत बसली. एक घेऊन दुसरं सोडून देता येत नाही.

तरी चौकशीत ती फुटली नाही. आव्हन्यू फॉशचा प्रमुख हान्स किफर यानं युद्धानंतर सांगितलं की तिनं काहीही माहिती दिली नाही, आणि ती जे सांगे त्यावर विसंबता येत नसे. पोलिसाला वायरलेस दाखवायला निघालेली हीच ती मुलगी. आपलं नाव तिनं नोरा बेकर असं सांगितलं होतं. नोरा हे हवाई दलातलं, बेकर हे आईचं माहेरचं. अगदी शेवटचं खोटं नावसुद्धा तिनं घरातल्याच सामानातून शिवलं.

फॉर्झहाइममध्ये हातापायांत साखळ्या घालून तिला जवळजवळ दहा महिने एकटीला कोंडून ठेवलं. मग १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. बरोबर आणखी तीन स्त्रिया होत्या. त्यांतली एक मादलेन दामेरमाँ.

यानंतरही नावांचा गोंधळ संपला नाही. संघटनेच्या व्हेरा ॲटकिन्स युद्धानंतर आपल्या हरवलेल्या माणसांचा शोध घेत जर्मनीभर हिंडल्या. साक्षीदारांच्या वर्णनावरून आधी ठरलं की नूर नात्सवायलरच्या छावणीत गेली. प्रत्यक्षात ती दुसरीच स्त्री होती. फॉर्झहाइमची हकीकत पुढे आल्यावर मग चूक दुरुस्त झाली. १९४९ साली नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. फ्रान्सनंही तिचा गौरव केला. तेव्हापासून कुणी तिला ब्रिटिश वीरांगना म्हणतं, कुणी सूफी संत, कुणी टिपूची वारस. २०१९च्या ‘अ कॉल टू स्पाय’ या चित्रपटात आपल्या राधिका आपटेनं तिचं काम केलंय, जरूर बघा. आणि मीही वर तिला बडोद्याची करून टाकलीच की!

फॉर्झहाइममधली हकीकत कशी कळली, तेवढं सांगायचं राहिलं. कैद्यांना एकमेकांशी बोलायला बंदी होती. जेवणाची भांडी मात्र सगळ्यांची एकत्र धुवायला जात आणि हातोहात फिरत. नूरनं आपल्या भांड्याच्या बुडावर कशानं तरी खरडून लिहिलं: नोरा बेकर, आणि खाली लंडनचा पत्ता, चार टॅव्हिटन स्ट्रीट. तिची आई तिथे राहत होती. एका फ्रेंच कैदी बाईनं तो पत्ता जपून ठेवला आणि सुटल्यावर त्यावर पत्र लिहिलं.

२०२० साली त्याच घराच्या भिंतीवर निळी गोल पाटी लागली. तिच्यावर नूर इनायत खान हे नाव आहे आणि मादलेन हेही आहे.